बोरचं पोट जाणणाऱ्या हमीदाआपा

हमीदाआपांनी पहिल्या दिवशी आम्हाला मोटर दिलीच नाही. पाइप, केबल, दोर सगळं एकदाच आणू म्हणून आम्ही पिकअप ठरवून गेलो होतो. तो रिकामाच परत आला. माझे मिस्टर रस्ताभर धुसफुसत होते. "ही बाई दुकान चालवायलीय का तोंडी परीक्षा घ्यायलीय?"

ही गोष्ट बोरी गावाची. तिथल्या शाळेत माझी बदली झाली आणि तीन-चार वर्षांत गावाबाहेरच्या नव्या प्लॉटिंगमध्ये आम्ही घर बांधलं. नळाचा पाइप त्या गल्लीपर्यंत आलेला नव्हता आणि लवकर येईल अशी लक्षणंही नव्हती. पहिला बोर कोरडा गेला. पांढऱ्या धुळीनं शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे तेवढे माखले. दुसरा घरामागच्या कोपऱ्यात घेतला. तिथं पावणेचारशे फुटांच्या आसपास पाणी लागलं आणि चारशे दहावर बोर पाडणारी गाडी थांबली. तिसरा बोर घ्यायला प्लॉटवर जागाच उरली नव्हती. ह्या बोरनं दगा दिला तर बांधलेल्या घराला कुलूप लावून पुन्हा गावात भाड्याच्या खोलीत जायचं, इतकं ते सरळ होतं.

समोर माणिकराव राहायचे, कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. गल्लीतल्या प्रत्येक बांधकामावर त्यांचं लक्ष असे. त्यांनी सल्ला दिला, "साहेब, सरळ तीन एचपीची टाका. माझी तीनचीच हाय. बटन दाबलं की धाडधाड टाकी भरती." आम्हाला ते पटलं. खोल बोर म्हणजे मोठी मोटर, ह्यात विचार करण्यासारखं काही असेल असं वाटलंच नाही.

आपांचं दुकान स्टँडच्या मागच्या रस्त्याला, पिठाच्या गिरणीशेजारी होतं. दुकानाला पाटी नव्हती. आत शिरलं की वार्निशचा उग्र वास यायचा. भिंतीशी बोरच्या लांबुळक्या मोटरी उभ्या केलेल्या आणि मधे जमिनीवर मांडी घालून पन्नाशीची, ठेंगणी, जाड भिंगाचा चष्मा लावलेली बाई मोटरीच्या पोटात तांब्याची तार भरत बसलेली. साडीवरून घेतलेल्या ओढणीची दोन्ही टोकं कमरेला खोचलेली. मी "नमस्कार" म्हटलं. तिनं वर न बघता एक बोट उभं केलं आणि पुटपुटत राहिली, "अडुसष्ट, एकुनसत्तर, सत्तर..." वेढे मोजताना आपा कुणाशीच बोलत नसत. वेटोळं पुरं झाल्यावर त्यांनी तार दातानं धरली, गाठ मारली आणि मग हसून म्हणाल्या, "बसा बाई. मोजताना बोललं की मोटर आयुष्यभर बडबड करती."

मग प्रश्न सुरू झाले. बोर किती खोल? चारशे दहा. "कुनी मोजला?" गाडीवाल्यानं सांगितलं. "सांगितलं का मोजला?" पाणी कितीवर उभं आहे? ठाऊक नाही. तासभर उपसल्यावर कितीवर जातं? ठाऊक नाही. घरात माणसं किती? टाकी कुठं? व्होल्टेज संध्याकाळी पडतं का? एवढी शेवटचीच उत्तरं आम्हाला नीट देता आली.

मिस्टर वैतागून म्हणाले, "अहो, आम्हाला तीन एचपीची मोटर पाहिजे. आहे का नाही?"

"हाय ना. ही काय उभी हाय. पन तुमच्या बोरला ती पायजे का न्हाई, ते तुमाला म्हाईत न्हाई, मला बी म्हाईत न्हाई. बोरचं तोंड समद्याला दिसतंय साहेब, पोट कुनी बगत न्हाई. परवा सकाळी मी येते, पोट बगते. मग बोलू."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर काळा चष्मा लावून बसलेले एक वयस्कर गृहस्थ हळूच म्हणाले, "जाऊ द्या साहेब. मलाबी ती असंच छळती." ते उस्मानचाचा, आपांचे यजमान.

परवाच्या दिवशी सात वाजताच टेम्पो दारात उभा राहिला. आपांच्या बरोबर त्यांच्या कामातल्या जोडीदार गयाबाई होत्या, उंच, काटक, बोलण्यात फटकळ. दोघींनी मिळून एक जुनी मोटर, काळ्या पाइपचं वेटोळं आणि दोनशे लिटरचा ड्रम उतरवला. शेवटी आपांनी एक दोरी काढली. तिला दर दहा फुटांवर गाठ होती, दर पन्नास फुटांवर रंगीत चिंधी आणि टोकाला एक पालथा बांधलेला स्टीलचा ग्लास.

आधी त्यांनी वजन बांधून तळ मोजला. तीनशे अठ्ठ्याण्णव. "बारा फूट गाळ बसलाय," गयाबाई म्हणाल्या. मग ग्लास सोडला. "आता कुनी बोलू नका." आम्ही सगळे श्वास धरून उभे. गाठीमागून गाठ खाली गेली आणि कुठून तरी फार लांबून "डुबुक" असा आवाज आला. एकशे साठ फूट. त्या एका आवाजानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या पायांखाली खरंच काहीतरी आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

जुनी मोटर खाली सोडून त्यांनी उपसा सुरू केला. ड्रम भरायला किती वेळ लागतो ते बघण्याचं काम माझ्याकडे आलं. पहिला ड्रम सहा मिनिटांत भरला. मिस्टरांनी माझ्याकडे विजयी नजरेनं पाहिलं. पुढचा नऊ मिनिटांत, त्यापुढचा बारा, आणि तास-दीड तासानंतर प्रत्येक ड्रमला चौदा मिनिटं लागू लागली. मग ते चौदावरच थांबलं. पाणी दोनशे नव्वद फुटांवर जाऊन स्थिरावलं होतं. आपांनी मोटर बंद केली आणि ओसरीवर बसून राहिल्या. दर दहा मिनिटांनी उठून ग्लास सोडायच्या. "येतंय," त्या म्हणाल्या. "सावकाश येतंय, पन येतंय. लय शाना बोर हाय तुमचा."

मग त्यांनी मिस्टरांना समोर बसवून सांगितलं. "ह्या बोरचा एक हिसाब हाय. चौदा मिंटाला एक ड्रम. चार मानसांच्या घराला भरपूर झालं. तीनची मोटर टाकली तर ती घटकाभरात पोट रिकामं करील आन् मग कोरडीच फिरल, जळंल. एकची बास."

"पण एकची मोटर चारशे फुटांवरून पाणी कसं उचलील?"

"चारशेवरनं कुटं उचलायचंय? पानी दोनशे नव्वदला उभं ऱ्हातंय, तितनंच उचलायचं. मोटर साडेतीनशेला लटकवू, गाळाच्या वर, मोकळी. आन् मोटरीमोटरीत फरक असतोय साहेब. एक असते हंडे भरभरून सपाटीवर पळनारी, एक असते एकच घागर डोक्यावर घेऊन जिना चढनारी. तुमाला जिना चढनारी पायजे. आत पंखे जास्त, पानी थोडं."

पण आपांचं संपलं नव्हतं. बोरचं पाणी थेट गच्चीवरच्या टाकीत चढवायचं नाही, खाली एक टाकी बांधायची, बोरनं त्यात दिवसभर सावकाश पाणी सोडायचं आणि तिथून वर न्यायला अर्ध्या एचपीची मोटर ठेवायची. शिवाय पाणी तुटलं की बोरची मोटर आपोआप बंद पडेल असा पॅनल बसवायचा. माणिकराव कुंपणाशी येऊन ऐकत होते. ते हसून म्हणाले, "एका घराला दोन मोटरी! बायकांचा कारभार."

आपांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. त्या केबलची लांबी मोजायला लागल्या होत्या आणि मोजताना त्या बोलत नसत.

पुढं माझं त्यांच्या दुकानात जाणं-येणं वाढलं. शाळा सुटली की दहा मिनिटं टेकायची. तळ स्वतः मोजल्याशिवाय मोटर सोडायची नाही, हा त्यांचा नियम कुठून आला ते तिथंच एकदा कळलं. सांगितलं गयाबाईंनी, आपांच्या समोरच.

गयाबाई पूर्वी अंगणवाडीत मदतनीस होत्या. नवरा नाही, पदरात दोन मुली. वस्तीतल्या चार घरांनी मिळून त्यांच्या अंगणात बोर घेतला होता. आपांनी तेव्हा नुकतंच बाहेरचं काम घ्यायला सुरुवात केली होती. गाडीवाल्यानं खोली सांगितली, आपांनी ती खरी धरली आणि मोटर तळापासून वीस फुटांवर आहे अशा समजुतीनं सोडली. प्रत्यक्षात खाली गाळ भरलेला होता. मोटर गाळातच रुतली. महिन्याभरात बंद पडली. वर ओढायला गेले तर दोर तुटला, पाइप तुटला, आणि मोटर आतच राहून बोर कायमचा बुजला.

"मी तर लय शिव्या दिल्या," गयाबाई म्हणाल्या. "वाटलं आता ही गाडीवाल्याचं नाव सांगंल, नशिबाचं सांगंल. तर ही चार घरांच्या मधे उभी ऱ्हायली आन् मनली, चूक माझी हाय. मी मोजलं न्हाई. दुसऱ्या दिशी हिनं आपल्या घरचा पाइप गल्ली ओलांडून आमच्या दारात आनून सोडला. तीस फूट गाळ व्हता बगा बाई, हिला तरी काय सपन पडनार?"

"बत्तीस," आपा तार भरता भरता म्हणाल्या. "तीस न्हाई, बत्तीस."

वस्तीत नवा बोर होईपर्यंत दोन उन्हाळे तो पाइप तसाच होता. रोज पाणी सोडायला-बंद करायला गयाबाई आपांच्या घरी जायच्या. जाता-येता कधी रीळ धर, कधी दोर धर असं करत त्यांचा हात कामात बसला. नंतर अंगणवाडी सुटली आणि काम हेच झालं. तीनशे फूट पाइप कप्पीवरून खाली सोडताना त्या दोघी एकमेकींकडे बघतसुद्धा नसत. एकीनं "हां" म्हटलं की दुसरी सैल सोडायची.

आणि आपा स्वतः ह्या धंद्यात आल्या त्या चाचांमुळे. चाचा पंचक्रोशीतले नावाजलेले मिस्त्री. साखरेच्या आजारानं त्यांची नजर जाऊ लागली, तेव्हा तारेचे नंबर वाचून दाखवायला आपा शेजारी बसू लागल्या. वाचता वाचता मोजू लागल्या, मोजता मोजता भरू लागल्या. एक दिवस चाचांनी दुरुस्त झालेल्या मोटरीवर हात फिरवला आणि विचारलं, "ही मी भरली का तू?" आपा म्हणाल्या, "मी." चाचा म्हणाले, "मग आता मी नुसता ऐकत जाईन." तेव्हापासून ते खरंच ऐकायचे. मोटर पाण्याच्या पिंपात सोडून चालू केली की मान तिरकी करून सांगायचे, "खालचं बेरिंग कुरकुर करायलंय." उघडून बघितलं तर खालचंच असायचं.

एका वर्षी पाऊस फारच कमी झाला. फेब्रुवारीतच आमची मोटर पुन्हा पुन्हा आपोआप बंद पडू लागली. पॅनलवरचा लाल दिवा दिवसातून चार-चारदा लागायचा. घर बंद करावं लागणार असं वाटून मी गावात खोल्या बघायलाही सुरुवात केली होती. आपांना कळवलं. त्या दुपारी आल्या, दोरी सोडली आणि ग्लास पाण्याला टेकवून तशाच बसून राहिल्या. तेवढ्यात समोर माणिकरावांची मोटर सुरू झाली. थोड्या वेळानं आपांनी दोरी हलवून पाहिली. ग्लास आवाजच करेना. त्यांनी आणखी दहा फूट सोडली, मग आणखी.

"माणिकरावला बोलवा," त्या म्हणाल्या. "भांडायला न्हाई. दोरी धरायला."

माणिकराव तणतणतच आले. आपांनी त्यांच्या हातात दोरी दिली आणि त्यांच्या बायकोला निरोप पाठवून त्यांची मोटर बंद करायला लावली. तासाभरानं माणिकरावांनी स्वतः ग्लास सोडला. डुबुक. दोनशे साठवर. मग आपांनी त्यांची मोटर चालू करायला सांगितलं. पंधरा-वीस मिनिटांत तोच ग्लास मुका झाला. माणिकराव एकेक गाठ खाली सोडत राहिले. अठरा फूट खाली गेल्यावर आवाज आला. त्यांनी गाठी पुन्हा एकदा मोजल्या.

"म्हंजे मी ह्या बाईंचं पानी वढायलोय?"

"खाली कुटं कुनाचं नाव लिवलंय?" आपा म्हणाल्या. "खडकात भेग एकच हाय, समद्यांच्या बोरला तीच. तुमची मोटर घाई करती, एवढंच. खरं सांगा, तुमच्या पायपात बी हवा यायली ना?"

माणिकरावांनी खाली बघून मान हलवली. पंधरा दिवसांपासून त्यांचंही पाणी तुटक येत होतं. मोठ्या मोटरीचा एवढा बोलबाला केल्यावर सांगणार कुणाला?

त्या संध्याकाळी गल्लीतली सहाही घरं आमच्या ओसरीवर जमली. कुणी कधी उपसायचं, दोन उपशांच्या मधे बोरला किती विसावा द्यायचा, हे आपांनी सांगितलं आणि वेळापत्रक करायचं काम माणिकरावांवर सोपवलं. माणसाला त्याचं आवडतं काम मिळालं. त्यांनी वहीच्या कागदावर पाच चाळीस, सहा पंचवीस अशा वेळा लिहून प्रत्येक दाराला चिकटवल्या आणि ट्रंकेतून आपली जुनी शिट्टी काढली. तो सगळा उन्हाळा आमच्या गल्लीत शिट्टीवर मोटरी बदलल्या. एकही घर बंद पडलं नाही. पुढच्या वर्षी माणिकराव स्वतःहून आपांच्या दुकानात गेले आणि तीनची मोटर काढून एकची घेऊन आले. खालची टाकीही बांधली. उद्घाटनाला सगळ्या गल्लीला चहा पाजला. आपांनीही तो प्यायला. "बायकांचा कारभार" ह्या शब्दांची आठवण त्यांनी कधीच करून दिली नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात चाचा गेले. दुपारी खुर्चीत डुलकी लागली ती लागलीच. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस घरातच राहायचं, ती इद्दत आपांनी पाळली. तेवढे दिवस दुकान गयाबाईंनी चालवलं. अवघड मोटर आली की ती पोत्यात गुंडाळून त्या आपांच्या घरी घेऊन जायच्या. मी भेटायला गेले तेव्हा आपा आतल्या खोलीत तारेचे वेढे मोजत होत्या. मी मुकाट्यानं बसले. मोजणं मधेच थांबलं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा थांबल्या.

"दुःखानं न्हाई हो," त्या म्हणाल्या. "दिसंना गेलंय. तार धुक्यात गेल्यावानी वाटती. चाचाचं असंच सुरू झालं व्हतं."

त्यांना इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. डॉक्टरांकडे जायलाही तयार नव्हत्या. काय सांगतील त्याची भीती. शेवटी इद्दत संपल्याच्या तिसऱ्या दिवशी गयाबाईंनी त्यांना टेम्पोत बसवलं. "पोट बगितल्याबिगर मोटर देत न्हाईस ना? मग डोळा बगितल्याबिगर रडतीस काऊन?" परभणीला तपासलं तर नुसता मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. गयाबाई सांगायच्या की ते ऐकून आपा दवाखान्यातच खळखळून हसल्या आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "एवढंच व्हय!"

त्याच सुमारास माझी बदली सेलूकडच्या एका शाळेत झाली. बोरीचं घर ठेवलं आहे. मिस्टर आता येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला घागर आणि जिन्याचा दृष्टान्त स्वतःचाच असल्यासारखा सांगतात.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला मी देवगाव फाट्यावर बसची वाट बघत उभी होते. एक पांढरा टेम्पो माझ्यापुढे जाऊन करकचून थांबला आणि हळूहळू मागे आला. मागच्या बाजूला लाल रंगात मोठा 'एल' काढलेला. स्टिअरिंगवर गयाबाई होत्या, दोन्ही हातांनी चाक गच्च धरलेलं. शेजारी आपा बसल्या होत्या. ते जाड भिंग नव्हतं, साधा पातळ चष्मा होता आणि त्यांचे डोळे इतके मोठे आणि तपकिरी आहेत हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

"बाई, तुमी किती गोऱ्या हाव हो!" आपा ओरडल्या. "मला वाटायचं सावळ्या."

"हिचं असंच चालू हाय," गयाबाई समोरून नजर न काढता म्हणाल्या. "बोरीपासनं रस्त्यावरली एक पाटी सोडली न्हाई. समद्या वाचायलीय."

सेलूच्या पुढं एका गावात दोन बहिणींनी घर बांधलंय, पाचशे फूट बोर घेतलाय, तीन मिस्त्र्यांनी तीन निरनिराळ्या मोटरी सांगितल्यात, म्हणून ह्या दोघी निघाल्या होत्या. फार बोलणं झालं नाही. मागून ट्रकनं हॉर्न दिला.

गयाबाईंनी गिअर टाकला. डाव्या बाजूचा वळणाचा दिवा लागत नसावा. कारण फाट्यावर वळताना आपांनी चाचा गेल्यापासून बांगड्या नसलेला आपला हात खिडकीतून पार खांद्यापर्यंत बाहेर काढला आणि कणखरपणे डावीकडे धरला. टेम्पो वळला, सरळ रस्त्याला लागला, तरी हात बाहेरच होता. आतून गयाबाई काहीतरी ओरडल्या असाव्यात, कारण एकदम तो हात आत गेला आणि दुसऱ्याच क्षणी पुन्हा बाहेर आला, या वेळी मला टाटा करायला.